दोन देशांचे सल्ले आणि पाच आठवड्यांची मुलगी

प्रश्न: नमस्कार. आम्ही नव्या देशात येऊन सात महिने झाले. मुलगी पाच आठवड्यांची आहे. नवऱ्याची रजा संपली, आई-बाबांचा व्हिसा अडकलाय. मुलगी रोज संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत रडते. व्हिडिओ कॉलवर घरचे सगळे सांगतात, दूध पुरत नसणार, पावडरचं सुरू कर. इथली नर्स म्हणते, सगळं छान चाललंय. घरचे म्हणतात नीट गुंडाळ, नर्स म्हणते एवढे कपडे नकोत. कुणाचं ऐकू? तिचा पासपोर्ट, व्हिसा काहीच झालेलं नाही. इथली भाषा मला दुकानापुरतीच येते. रात्री काही झालं तर फोनवर काय सांगणार, या विचाराने छातीत धडधडतं. मुलगी झोपली तरी मला झोप लागत नाही. तिला घेऊन चार महिने घरी जाऊन राहू का?

उत्तर: दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकून मधला मार्ग काढू नका. निम्मं गुंडाळलेलं आणि निम्मं पावडरवर असलेलं बाळ कुणाच्याच सल्ल्यात बसत नाही. सुदैवाने या वयात ज्या गोष्टींवर खरोखर निर्णय घ्यावे लागतात, त्या बहुतेक मोजता येतात: वजन, ओले डायपर, अंगाचं तापमान, खोलीचं तापमान, औषधात किती मिलिलिटरला किती मिलिग्रॅम. जिथे आकडा आहे तिथे आकड्याचं ऐका. जिथे नाही (मांडीवर किती घ्यावं, अंघोळ सकाळी की रात्री) तिथे तुम्हाला जे झेपेल ते करा.

आधी दूध. जन्मानंतर तीन-चार दिवस बाळाचं वजन उतरतं. जन्मवजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, दहा टक्क्यांपुढे गेली तर डॉक्टर लक्ष घालतात. दहा ते चौदा दिवसांत ती भरून येते. पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ व्हायला हवी. जन्मवजन तीन किलो असेल आणि दोन आठवड्यांनी ते परत तीनवर आलं असेल, तर आज ती साधारण ३.४५ ते ३.६ किलोची असावी. नर्सकडच्या नोंदवहीत हे आकडे असतील, ते मागून घ्या. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे आणि डायपर काढून, आठवड्यातून एकदाच करा. घरातल्या माणसांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार करू नका. त्या काट्याची चूकच शंभर-दोनशे ग्रॅमची असते, म्हणजे बाळाच्या आठवडाभराच्या वाढीएवढी.

दोन वजनांच्या मधल्या दिवसांत डायपर मोजा. पहिला आठवडा संपल्यानंतर चोवीस तासांत किमान सहा जड, ओले डायपर हवेत. हल्लीचे डायपर पाणी इतकं शोषतात की ओला कोणता तेच कळत नाही. म्हणून एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पाणी ओता आणि हातात धरून पाहा. एवढा जड झाला की तो एक ओला डायपर. पहिल्या दोन-तीन दिवसांत डायपरवर विटकरी-गुलाबी भुकटीसारखा डाग दिसला तर चालतो. आता दिसला तर दूध कमी पडतंय असं समजून लगेच दाखवा. शीबद्दल मात्र घाबरू नका. निव्वळ अंगावर पिणारं बाळ साधारण सहाव्या आठवड्यापासून दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, शी करत नाही. झाल्यावर ती मऊ असेल, पोट मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर तो बद्धकोष्ठ नव्हे.

वजन आणि डायपर दोन्ही ठीक असतील तर संध्याकाळचं रडणं उपासमारीचं नाही. अशा रडण्याला साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तुम्ही सध्या त्या चढाच्या अगदी वरच्या टप्प्यावर आहात. याच वेळी बाळं दर अर्ध्या-पाऊण तासाने स्तन मागतात, स्तन हाताला मऊ लागतात आणि घरचे म्हणतात, बघ, दूध आटलं. स्तन मऊ लागणं पाच आठवड्यांनी अगदी अपेक्षित आहे. शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो, म्हणून सुरुवातीसारखी गच्च भरलेली अवस्था राहत नाही.

इथेच पावडरचा सापळा आहे. स्तन जितका रिकामा होईल तितकं दूध तयार होतं. संध्याकाळी ९० मिली पावडरचं दूध दिलं की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढ्या वेळात स्तन रिकामा होत नाही, आणि आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होतं. घरच्यांचं भाकीत मग खरं ठरतं, पण कारण उलटं असतं. वजन वाढत नसेल तर वरचं दूध द्यावंच लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त तेव्हा, दर वेळी बाटली दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं पंपाने दूध काढा, म्हणजे मागणी टिकून राहते.

पावडर वापरायची वेळ आलीच तर परदेशात हमखास होणारी चूक मापाची असते. एका देशातल्या डब्यातला चमचा ३० मिली पाण्यासाठी असतो, दुसऱ्या देशातला ६० मिलीसाठी. घरून आलेल्या डब्याचा चमचा इथल्या डब्यात गेला की दूध दुप्पट घट्ट होतं किंवा निम्मं पातळ. घट्ट दुधाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं. पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. डबा संपला की चमचाही फेकून द्या. बाटलीत आधी पाणी, मग पावडर, हा क्रम पाळा. पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे उकळून अर्ध्या तासाच्या आत घेतलेलं, किमान ७० अंशांचं पाणी वापरा, नंतर नळाखाली बाटली धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. तयार दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, उष्टं उरलेलं टाकून द्यायचं. पूर्ण बाटलीवर असलेल्या बाळाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिली लागतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नको आणि एक वर्षापर्यंत मधाचं बोटही नको, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंनी लहान बाळाला लुळेपणा येऊ शकतो.

संध्याकाळच्या चार तासांसाठी क्रम ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने विचार करावा लागणार नाही. दोन्ही बाजूंना पाजणं, ढेकर, डायपर, मंद दिवा, मग झोळीत किंवा कॅरियरमध्ये छातीशी घेऊन फेऱ्या. कॅरियरमध्ये तिचा चेहरा तुम्हाला कायम दिसला पाहिजे आणि हनुवटी व छाती यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली की या वयाच्या बाळाची श्वासाची वाट दबते. कशानेच थांबत नसेल आणि तुमचे हात थरथरायला लागले, तर तिला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लावा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. तेवढ्या रडण्याने तिला काही होत नाही, हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शेजाऱ्यांची भीती वाटत असेल तर दाराखालून एक चिठ्ठी सरकवा: बाळ पाच आठवड्यांचं आहे, संध्याकाळी रडतं, क्षमस्व. परक्या इमारतीत अशा चिठ्ठीने ओळखीही होतात.

वेगळं रडणं कोणतं हेही ओळखता यायला हवं. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, अंग लुळं पडणं, दोन वेळा पिण्याला नकार, न थांबणारी तीक्ष्ण किंकाळी: यात वाट पाहू नका. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात, प्यायल्याबरोबर दूध जोराने लांब उडतं, लगेच परत भूक लागते आणि वजन थांबतं, असं होत असेल तर जठराचं पुढचं तोंड जाड होऊन अरुंद झालेलं असू शकतं. ते सोनोग्राफीत दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने बरं होतं.

आता गुंडाळण्याचं. या वादात नर्स बरोबर आहे. थंडीची भीती समजण्यासारखी आहे, पण लहान बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंशी जास्त उष्णतेचा संबंध आहे. बाळ जादा उष्णता मुख्यतः डोक्यातून बाहेर टाकतं, म्हणून घरात झोपताना टोपी नको. खोली १८ ते २० अंशांवर ठेवा. सैल पांघरूण तोंडावर येतं, त्याऐवजी स्लीपिंग बॅग घ्या. तिच्यावर ती किती ऊब धरते ते सांगणारा ‘टॉग’ आकडा छापलेला असतो: १६ ते २० अंशांना २.५ टॉग, २० ते २४ अंशांना १ टॉग, त्यापुढे ०.५. आकडा बघून घेतलीत तर आत किती कपडे घालायचे ते सोबतच्या तक्त्यात मिळतं. ऊब तपासायची ती मानेच्या मागे किंवा छातीवर. हातपाय या वयात गारच लागतात, आणि घरच्यांचा सगळा गैरसमज त्या गार पायांपासूनच सुरू होतो. मानेला घाम लागला तर एक थर काढा.

झोपवायचं दर वेळी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या काहीही न ठेवता. जागा पहिले सहा महिने तुमच्याच खोलीत, पण स्वतंत्र. डोकं गोल व्हावं म्हणून कुशीवर किंवा पालथं झोपवायचा सल्ला आला तर तो ऐकायचा नाही. डोक्याचा आकार जागेपणी थोडा थोडा वेळ पालथं ठेवून, आणि झोपताना पाळण्यात डोक्याची बाजू आलटून पालटून सुधारतो. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी लागणं हे सगळ्यांत धोक्याचं, म्हणून रात्री पाजताना झोप अनावर होणार असं वाटलं तर सोफ्यापेक्षा उशा आणि पांघरुणं बाजूला सारलेला पलंग बरा.

गाडीत जाड जॅकेट घालून कार सीटमध्ये बसवू नका. धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांत पट्टा असा आवळा की खांद्याजवळ त्याची चुणी बोटांच्या चिमटीत येणार नाही, मग वरून दुपटं घाला. सीट मागच्या दिशेला तोंड करूनच बसवायची. समोर एअरबॅग चालू असलेल्या जागी तर कधीच नको. घरी पोचल्यावर झोपमोड नको म्हणून तिला सीटमध्येच ठेवू नका, त्या बसण्यात डोकं पुढे कलतं.

औषधांबाबत मात्र घरचे आणि नर्स या दोघांपेक्षा बाटलीवरची बारीक अक्षरं महत्त्वाची. तेच पॅरासिटामॉल काही देशांत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. एखाद्या देशातले थेंब १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, दुसऱ्या देशातलं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत २४. चार किलोच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितला तर डोस साधारण ४० ते ६० मिग्रॅ होतो. सिरपचे अडीच मिली म्हणजे ६० मिग्रॅ. तेच अडीच मिली थेंबांच्या बाटलीतून दिले तर २५० मिग्रॅ. फोनवर ‘अडीच मिली दे’ एवढंच ऐकून औषध पाजायचं नाही. डोस मिलिग्रॅममध्ये विचारा, मिली तुम्ही लेबलवरून काढा. आणि तीन महिन्यांच्या आत तापाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको, कारण ते ताप झाकतं, संसर्ग बरा करत नाही.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं एकक, लेबलवर IU), म्हणजे १० मायक्रोग्रॅम, द्यायला बहुतेक ठिकाणी सांगतात. ऊन कमी असलेल्या देशात सावळ्या त्वचेच्या बाळाला तर ते चुकवू नये. पण काही बाटल्यांत ४०० आययू एका थेंबात असतात, काहींत पूर्ण १ मिलीत. दोन बाटल्या घरात एकाच वेळी ठेवू नका. आणि घरून पार्सलने आलेलं, लेबल नसलेलं काहीही तिच्या पोटात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. त्यावरून भांडण होणार असेल तर ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढंच सांगा.

त्वचेबद्दल दोन गोष्टी, ज्या गोऱ्या लोकवस्तीच्या देशात निसटतात. सावळ्या बाळाची कावीळ नुसत्या डोळ्यांनी पटकन कळत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि दाबून सोडलेली त्वचा उजेडात पाहावी लागते, आणि शंका असेल तर रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, मोजूनच खात्री होते. चौदा दिवसांनंतर पिवळेपणा राहिला असेल तर तपासणी मागा. शी पांढरट, राखाडी किंवा मातकट फिकी असेल तर त्याच दिवशी दाखवा. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत होण्याला फार महत्त्व असतं. दुसरी गोष्ट म्हणजे पाठीवर किंवा ढुंगणावर जन्मापासून असणारे निळसर-करडे डाग. ते निरुपद्रवी असतात आणि बालपणीच विरतात, पण ते पाहायची सवय नसलेल्या डॉक्टरला किंवा पाळणाघरातल्या बाईंना मार लागल्याच्या खुणा वाटू शकतात. अशा गैरसमजातून चौकशा सुरू होतात. पुढच्या भेटीत डाग दाखवा आणि जागा, आकार तिच्या वैद्यकीय नोंदीत लिहून घ्यायला सांगा.

रात्रीच्या फोनची भीती एका कागदाने बरीच कमी होते. एखाद्या दुपारी, भाषा येणाऱ्या कुणाकडून तो तपासून घ्या आणि फ्रिजवर लावा. वर तातडीचा क्रमांक (युरोपीय संघात सगळीकडे ११२, इतरत्र तिथला), खाली रात्री सल्ला देणारी आरोग्यसेवा असेल तर तिचा, आणि चोवीस तास बालविभाग उघडा असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा. मग स्थानिक भाषेत पण आपल्याला वाचता येईल अशा अक्षरांत पाच वाक्यं: बाळ इतक्या आठवड्यांचं आहे. जन्म इतक्या आठवड्यांना झाला, वजन इतकं. तिला ताप आहे, इतके अंश. आमचा पत्ता हा, दारावर नाव हे. दुभाषी हवा. चार-पाच वेळा मोठ्याने वाचा, नवऱ्यासमोर वाचा. अनेक रुग्णालयांत आणि आपत्कालीन सेवांत फोनवर दुभाषी जोडून देतात, पण तो आपणहून मागावा लागतो.

आणि फोन करायचा केव्हा, हे आधीच ठरवून ठेवलं की रात्री वाद होत नाही. तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा जास्त ताप: बाळ हसत असलं तरी लगेच डॉक्टर. ३६ अंशांखाली आणि उबेला घेऊनही न चढणारं तापमानही तितकंच गंभीर. काखेतला साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. कपाळावर हात लावून ताप ठरवू नका. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणं, कण्हण्याचा आवाज, ओठ निळसर होणं यात आकडा न बघता थेट तातडीचा क्रमांक लावा.

पत्रातलं आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिलंय: मुलगी झोपली तरी मला झोप लागत नाही. बाळंतपणानंतरचं रडू येणं, हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पाचव्या आठवड्यात, संधी असूनही झोप न लागणं आणि छातीत धडधडणं हे तपासून घेण्याजोगं आहे. नर्सला सांगा, मला एडिनबरा प्रश्नावली भरायची आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची, तीस गुणांची चाचणी अनेक भाषांत उपलब्ध आहे, ती आपल्या भाषेतच भरा. तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवीच, दहाच्या पुढेही लक्ष ठेवतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याशिवाय काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टर. ही चाचणी नवऱ्याला दुभाषी करून भरू नका, कारण त्याच्यासमोर खरी उत्तरं दिली जात नाहीत. त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड बिघडून धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो, आणि तो मनाचा खेळ समजून सोडून दिला जातो.

तुमच्या शरीराच्याही धोक्याच्या खुणा आहेत: तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, धाप लागणं, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषांसह तीव्र डोकेदुखी. शेवटची खूण रक्तदाबाची असते आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकते.

तपासणी होईपर्यंत रात्र वाटून घ्या. नवऱ्याला कामावर जायचं असलं तरी रात्री नऊ ते दोन बाळ त्याचं, दोन ते सात तुमचं. नऊला पाजून तुम्ही दुसऱ्या खोलीत, कानात बोळे घालून झोपायचं. मधल्या एका वेळेसाठी काढलेलं दूध तो देईल. ते खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. सलग चार-पाच तासांची झोप तुकड्यातुकड्यांच्या आठ तासांपेक्षा जास्त भरून देते. स्तन जड झाले तर झोपण्याआधी आणि उठल्यावर थोडं दूध काढा.

व्हिडिओ कॉलची वेळ बदला. सध्या तो बहुधा संध्याकाळी, ती रडत असतानाच होत असणार, आणि पडद्यापलीकडच्या माणसाला रडणाऱ्या बाळाकडे बघून सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. सकाळी, ती प्यायल्यानंतर जागी असते त्या पाऊण तासात लावा. घरच्यांकडे उपाय मागू नका, काम द्या: दहा मिनिटं तिच्याशी बोला, काहीतरी म्हणा, तेवढ्यात मी अंघोळ करून येते. (फोन टेकवून ठेवा आणि ती पाळण्यात पाठीवर असू द्या.) वजनाचा आकडा दर आठवड्याला नवऱ्याने आपल्या घरी आणि तुमच्या घरी दोन्हीकडे कळवावा. सुनेने सांगितलेला आकडा आणि मुलाने सांगितलेला आकडा यांत अजूनही फरक पडतो, त्याचा फायदा घ्या. स्थानिक भाषा बाळाला आतापासून शिकवायची चिंता नको. घरात आपलीच भाषा भरपूर बोला, दुसरी तिला पाळणाघरात मिळेल.

कागदपत्रांत क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकाशिवाय पुढचं होत नाही. आधी स्थानिक जन्मनोंदणी आणि आई-वडिलांची नावं असलेला सविस्तर दाखला, किमान तीन प्रती. नाव, आडनाव यांची अक्षरं तुमच्या पासपोर्टशी तंतोतंत जुळवा, एका अक्षराची चूक पुढे प्रत्येक खिडकीवर अडवते. बहुतेक देश केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व देत नाहीत, त्यामुळे दुसरी पायरी आपल्या देशाच्या वकिलातीत जन्म नोंदवणं आणि पासपोर्ट. काही देशांत या नोंदणीला जन्मापासून एक वर्षाची मुदत असते. वकिलातीला दाखल्यावर अपोस्टिल (दाखला दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) किंवा अधिकृत भाषांतर लागतं का, हे भेटीची वेळ घेतानाच विचारा. पासपोर्ट आला की बाळाचा रहिवासी परवाना. फोटोसाठी तिला पांढऱ्या चादरीवर झोपवा, खिडकीच्या उजेडात वरून काढा, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसता कामा नये. प्यायल्यानंतर वीस मिनिटांनी बरेचदा जमतं.

आरोग्यविम्यासाठी मात्र या रांगेत थांबू नका. अनेक योजनांत नवजाताचं नाव घालायला तीसेक दिवसांचीच मुदत असते आणि तुमचे पाच आठवडे उलटले आहेत. नवऱ्याने उद्याच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावं आणि जन्मतारखेपासून संरक्षण मिळतंय ना, हे लेखीच घ्यावं.

आता शेवटचा प्रश्न. आत्ता जाऊ नका. पासपोर्टशिवाय जाताच येत नाही, आणि पासपोर्ट असून रहिवासी परवाना नसेल तर परतताना बाळाला नव्याने व्हिसा काढावा लागेल. चार महिन्यांचे सात-आठ कसे होतात ते अशाने. शिवाय लसींची पहिली फेरी सहा ते आठ आठवड्यांना असते. ती इथेच होऊ द्या. त्यानंतर, म्हणजे तीन महिन्यांच्या पुढे, कागद हातात असताना आणि चाचणीत तुमचे गुण जास्त आले असताना घरी जायचं ठरवलंत, तर तो चांगला निर्णय असेल. तिथे आराम मिळेल, आणि त्याची तुम्हाला गरज आहे. फक्त उपचार सुरू झाले असतील तर ते तिथे कोण पुढे चालवणार, हे निघण्याआधी ठरवा.

जाण्यापूर्वी लसींचं वेळापत्रक दोन्ही देशांचं शेजारी ठेवून बघा. ती नुसती वेगळ्या दिवसांची नसतात, त्यांतल्या लसीही वेगळ्या असतात. क्षयरोगाची बीसीजी कुठे जन्मताच देतात, कुठे देतच नाहीत. जुलाबांच्या रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस बऱ्याच ठिकाणी पंधरा आठवड्यांनंतर सुरू करत नाहीत. कार्डावर कंपनीच्या नावाबरोबर आजारांची नावं, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, नाहीतर परतल्यावर इथले डॉक्टर तो डोस धरत नाहीत. रहिवासी परवाना किती दिवस बाहेर राहिल्यावर रद्द होतो, आणि विमा बाहेरच्या देशात चालतो का, हे लेखी विचारा. आई-बाबांचा व्हिसा तोपर्यंत सुटला तर त्यांनीच यावं हे जास्त सोपं. येण्याच्या किमान दोन आठवडे आधी त्यांनी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्यावी.

एकट्या प्रवास करणार असाल तर नवऱ्याचं सही केलेलं, शक्यतो नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा. बॅसिनेटची, म्हणजे विमानातल्या बाळाच्या छोट्या पाळण्याची जागा तिकीट काढतानाच फोन करून मागा, तिच्या वजनमर्यादा विमान कंपनीनुसार बदलतात. विमान उतरायला लागल्यावर, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, पाजायला घ्या. गिळण्याने कानातला दाब मोकळा होतो. परतीची तारीख नवऱ्याच्या रजेला जोडून ठरवा आणि त्याला आणायला बोलवा. जाताना मांडीवर असलेलं बाळ चार महिन्यांनी जन्मवजनाच्या दुपटीपुढे गेलेलं असतं, हातातून सुटायला बघतं आणि आठ तासांच्या विमानात एकट्या माणसाला ते झेपत नाही.